सम्राटाच्या ग्रहांनाही निस्तार पत्रक हवं

आर्वी, जि. वर्धा

चि. सोनू यास,


तुझ्या कादंबरीची प्रकरणं मिळाली आणि एका बैठकीत वाचून काढली. भाषा चांगली उतरली आहे. राजधानीचं वर्णन वाचताना तर मी चहा घ्यायचाही विसरलो. पण एक गोष्ट पटली नाही, आणि ती आताच सांगायला हवी, कारण सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. तुझा सम्राट हुकूम सोडतो आणि चारशे ग्रहांवर तो जसाच्या तसा अमलात येतो. असं राज्य कुठे झालं नाही. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटं लागतात, त्यानंतरच्या सगळ्यांत जवळच्या ताऱ्याचा यायला सव्वाचार वर्षं. तुझी जहाजं त्याहून वेगाने धावतात हे मान्य. तरी टोकाच्या ग्रहावर पोचायला दीड महिना लागतो, असं तूच लिहिलं आहेस. त्या दीड महिन्यात तिथे राज्य कोण करतं? तुझी खरी कादंबरी तिथे आहे.

आसिमॉवने ‘फाउंडेशन’ लिहिताना गिबनचा रोमच्या ऱ्हासाचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला होता. तुला रोमपर्यंत जायची गरज नाही. तुझ्या आजोळच्या मुलुखावर ज्यांचा अंमल होता, त्या नागपूरकर भोसल्यांचा कारभार नीट वाच.

पहिल्या रघुजींच्या काळात हे राज्य वऱ्हाडपासून ओरिसापर्यंत पसरलं. 1751 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने ओरिसा सोडला. एवढ्या पट्ट्यावर एकाच पद्धतीने कारभार करणं कुणालाच शक्य नव्हतं आणि भोसल्यांनी तो हट्टही धरला नाही. नागपूर-वर्ध्याकडची खालसा जमीन थेट सरकारच्या हाताखाली. चांद्याच्या आणि छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यातले जमीनदार मात्र आपापल्या जागी तसेच राहिले. त्यांनी टाकोळी म्हणजे ठरलेली खंडणी भरायची, बोलावणं आलं की हजर व्हायचं. घरचा कारभार त्यांचा त्यांनी बघायचा. रघुजी 1755 मध्ये वारले तेव्हा त्यांच्या मुलांपैकी जानोजी नागपूरच्या गादीवर आले, मुधोजींकडे चांदा गेला, साबाजींकडे दारव्हा आणि बिंबाजींकडे छत्तीसगड. बिंबाजींनी रतनपूरला स्वतःचा दरबार थाटला, स्वतःचं सैन्य ठेवलं. नागपूरचा अंमल तिथे नावालाच होता. 1787 मध्ये ते गेल्यावर मुधोजींचे चिरंजीव व्यंकोजी यांच्याकडे तो मुलूख आला. ते नागपुरातच राहिले आणि तिकडे सुभेदार नेमले. रतनपूरच्या रयतेला या बदलाने काय वाटलं असेल, याचा विचार कर. अंगणात राहणारा राजा जाऊन मुदतीवर आलेला अंमलदार बसला. तुझ्या एखाद्या ग्रहावर हे घडू दे. लढाई न दाखवताही वाचक हलून जाईल.

आता दोअमल. हा प्रकार तुझ्या कादंबरीत यावा, अशी माझी फार इच्छा आहे. वऱ्हाडावर निजामाचं राज्य आणि भोसल्यांचा वसुलीचा हक्क, दोन्ही एकाच वेळी चालू होते. चौथाई म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा, आणि वर घासदाणा, म्हणजे घोड्यांच्या चाऱ्यासाठीची पट्टी. निजामाचा अंमलदार एलिचपूरकडून येणार, भोसल्यांचा नागपूरकडून, आणि खळं एकच. पाटलाने आधी कुणाला मोजून द्यायचं? 1803 मध्ये इंग्रजांशी लढताना भोसल्यांच्या हातून अडगाव आणि गाविलगड गेले, देवगावचा तह झाला आणि निजाम-भोसल्यांमध्ये वर्धा नदी सरहद्द ठरली. नकाशावर हे फार सोपं दिसतं. पण आपल्याकडे नदीच्या अलीकडच्या माणसाची सोयरीक पलीकडे, गुरं पलीकडे, बाजार पलीकडे. सम्राटांचे तह होतात तेव्हा असं गाव दाखव. सरहद्द आखणाऱ्यांचे जरीपटके दोन ओळींत आटप.

सगळ्यांत महत्त्वाचा माणूस तू विसरलास. परगण्यावर कमाविसदार, गावात पाटील, आणि पाटलाच्या शेजारी गावचा हिशेब लिहिणारा पांड्या. राजाला गाव दिसायचं ते या पांड्याच्या वहीतून. किती बिघे पेरले, किती पडीक, कोण गाव सोडून गेला, हे त्याने लिहिलं तेवढंच खरं. आयुष्यभर तलाठ्याचं काम केल्यामुळे हे मी खात्रीने सांगतो. पीकपाहणीला शेताच्या बांधावर उभं राहून आम्ही जे लिहायचो, त्यावर वर मंत्रालयापर्यंत सगळे बोलायचे. वहीत चुकीचं पीक पडलं तर नुकसानभरपाई चुकायची आणि एक घर उपाशी राहायचं. तुझ्या सम्राटाचा सरसेनापती आहे, गुप्तहेर आहे, ज्योतिषीसुद्धा आहे. पांड्या कुठे आहे?

आणखी एक. राज्य बदलतं तेव्हा काय बदलतं, तेही बघ. तिसरे रघुजी 1853 च्या डिसेंबरात वारले, इंग्रज गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तक मानला नाही, राज्य खालसा झालं. 1862 मध्ये नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढला. कचेरी आधी कवठ्याला होती. 1866 मध्ये पालकवाडीच्या जागी नवं गाव वसवून तिथे नेली, तेच आजचं वर्धा. पण रयतेच्या दृष्टीने मोठी उलथापालथ झाली ती जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या कागदात. सरकारसाठी सारा गोळा करणारा पाटील मालगुजार म्हणून गावाचा मालक ठरला. ती मालकी 1951 पर्यंत टिकली. पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणाऱ्यांना कचेरीतून कळलं की आपण कूळ आहोत.

म्हणून गावाच्या दुसऱ्या कागदांची मला किंमत वाटते. विदर्भातल्या गावांना निस्तार पत्रक असतं आणि वाजिब-उल-अर्ज असतो. गुरं कुठे चरतील, सरपण कुठून आणायचं, मुरूम आणि रेती कुठून घ्यायची, खळ्याची जागा कोणती, स्मशान कुठे, मेलेलं जनावर कुठे सोलायचं, खताचे खड्डे कुठे, हे पत्रकात. कुणाच्या शेतातून बैल पाण्यावर जातील आणि तळ्यातले मासे कोण धरेल, हे वाजिब-उल-अर्जात. असा एक जुना कागद माझ्या हाताखालून गेला आहे. शाई तपकिरी झालेली, घड्यांवर चिरलेला, आणि त्यात नाल्याकाठच्या एका गाडरस्त्याची नोंद. तो रस्ता नांगरून टाकणाऱ्या मोठ्या शेतकऱ्यासमोर गावकऱ्यांनी तोच कागद ठेवला आणि रस्ता मोकळा झाला. ज्या सरकारने तो लिहिला ते केव्हाच गेलेलं होतं.

तुझ्या प्रत्येक ग्रहाला असा एक कागद दे. सम्राटाचा अंमल कुठे थांबतो आणि लोकांचं आपलं काय, ते त्यात असू दे. पाणी, हवा, बर्फाच्या खाणी, मृतांची जागा, जहाज उतरायचा तळ, जे त्या ग्रहाला लागेल ते. मग एखाद्या नव्या सुभेदाराला तो कागद जाळावासा वाटू दे आणि तो जपून ठेवणारी पांड्याची मुलगी उभी कर. नायक राजधानीतला नसला तरी चालेल.

तिसरं प्रकरण यावरून नव्याने लिही आणि पाठव. दिवाळीत येशील तेव्हा पवनारला जाऊ. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं ते ठाणं होतं, आज आपण विनोबांच्या आश्रमासाठी ओळखतो. एक दिवस आष्टीला काढू, महंमदखान नियाझीचा मकबरा बघायला. दूरच्या बादशहाचा सरदार इथे येऊन इथल्याच मातीत राहिला. असा एक माणूस तुझ्या कादंबरीत अजून यायचा आहे.

ताईला नमस्कार सांग. जागरणं फार करू नकोस.

तुझा,
मामा