डिस्क ओळखीची, कॉम्प्युटरला अनोळखी

लग्नाचे फोटो, मुलांच्या लहानपणीचे व्हिडिओ, दुकानाचे जुने हिशोब ज्या हार्ड डिस्कवर आहेत, ती एक दिवस जोडल्यावर विंडोज विचारतं: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? इथे ‘कॅन्सल’ दाबा. मॅकवर हाच प्रश्न ‘ही डिस्क वाचता येत नाही’ अशा शब्दांत येतो आणि ‘इनिशियलाइज’चं बटण पुढे केलं जातं. तिथे ‘इग्नोर’ दाबा.

डिस्क रिकामी आहे असं कॉम्प्युटर इथे म्हणत नाही. मला हिच्यावर ओळखीचं काही दिसत नाही, एवढंच तो सांगतो. न दिसण्याचं कारण केबलमध्ये असेल, केसिंगमध्ये असेल, विंडोजच्या नोंदींमध्ये असेल किंवा खरोखर डिस्कमध्ये असेल. त्यामुळे खालची सगळी कृती एकाच क्रमाने चालते: आधी डिस्कवर काहीही न लिहिता होणाऱ्या तपासण्या, मग वाचून घेणं, आणि लिहिणारी दुरुस्ती अगदी शेवटी. धडधाकट डेटा घाईच्या दुरुस्तीत गेला, असं फार वेळा घडतं आणि ते टाळता येतं.

पहिलं काम कानाचं. डिस्क जोडा आणि ऐका. सुरू होतानाची हलकी घरघर, मग एकसारखा फिरण्याचा आवाज, हे ठीक. ठरावीक अंतराने टक्-टक् होऊन डिस्क थांबत असेल, पुन्हा फिरत असेल, तर आतल्या हेडना वाचता येत नाही. लगेच काढा आणि पुढच्या पायऱ्या सोडून प्रयोगशाळेच्या भागाकडे या. बारीक ‘बीप’सारखा आवाज येत असेल तर मोटर फिरायचा प्रयत्न करते पण फिरत नाही. याला वीज कमी पडणं हे एक कारण असतं, हेड तबकडीला चिकटणं हे दुसरं. चांगल्या पोर्टवर एकदा लावून बघा. आवाज तसाच राहिला तर थांबा. डिस्कवर टिचक्या मारणं, ती फ्रीझरमध्ये ठेवणं, झाकण उघडून बघणं, हे उपाय कुणीही सुचवले तरी करू नका.

आवाज ठीक असेल तर वीज आणि केबल. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क सगळी वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी २.० पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर देतो आणि ३.० पोर्ट ९००. मोटर सुरू होण्याच्या क्षणी डिस्कला कधी कधी एक अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. म्हणून हब काढून टाका. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला न लावता मागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा, आणि केबल आखूड वापरा. या डिस्कचं चपटं, दोन भागांचं टोक फार लवकर सैल होतं. ते अर्धवट बसलं की डिस्क कधी २.० च्या वेगाने चालते, कधी दिसते, कधी गायब होते. दमट हवेत पट्ट्यांवर थर धरला असेल तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. केबल बदलून बघितल्याशिवाय पुढच्या कुठल्याही निष्कर्षावर विश्वास ठेवू नका.

साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर असतो, बहुतेक १२ व्होल्टचा. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरची पिनही कधी कधी त्यात बसते आणि डिस्कचा सर्किट बोर्ड जळतो. अ‍ॅडॅप्टर शोधताना छापील व्होल्ट वाचा.

आता तीच डिस्क, तीच केबल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथे नीट उघडली तर प्रश्न तुमच्या कॉम्प्युटरचा आहे. त्या दुसऱ्या मशीनवर आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून घ्या, मगच स्वतःच्या विंडोजकडे वळा.

तिथेही तोच प्रकार असेल तर विंडोजमध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. उघडताच ते स्वतःच ‘डिस्क इनिशियलाइज करायची का, एमबीआर की जीपीटी’ असं विचारू शकतं. पुन्हा ‘कॅन्सल’. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची एक ओळ असते. तुमच्या डिस्कच्या ओळीचा मोबाइलने फोटो काढून ठेवा: नाव, एकूण आकार, पार्टिशनचे आकार, स्थिती. रोगाचं निदान बहुतेक वेळा या एका ओळीतच मिळतं.

पार्टिशन ‘हेल्दी’ आहे, एनटीएफएस लिहिलेलं आहे, फक्त पुढे ड्राइव्ह लेटर नाही? हा सगळ्यांत सुखाचा प्रकार. राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून वर्णमालेतलं मागचं, कुणी न घेतलेलं अक्षर द्या. ऑफिसच्या नेटवर्क फोल्डरने एखादं अक्षर धरून ठेवलं असेल तर डिस्क त्याच्यामागे लपून जाते. हे अक्षर विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदलं जातं, त्यामुळे ते बदलताना डिस्कवरच्या फाइलींना धक्का लागत नाही.

‘ऑफलाइन’ असं लिहिलं असेल आणि कारण ‘सिग्नेचर कोलिजन’ असेल, तर दोन डिस्कची ओळख-खूण एकच आहे. एका डिस्कचं हुबेहूब क्लोन केलं की दोन्हींवर तीच खूण जाते आणि विंडोज दुसरीला बाजूला ठेवतं. मूळ डिस्क काढून एकटं क्लोन लावलं तरी काम भागतं. राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ केलं तर विंडोज तिला नवी खूण देतं. पण त्या क्लोनवरून कॉम्प्युटर सुरू करायचा असेल तर नव्या खुणेमुळे तो सुरू न होण्याचा धोका असतो.

पार्टिशन आहे पण प्रकार ‘रॉ’ किंवा कोरा आहे, अशा वेळी डिस्कचा इतिहास आठवा. ती मॅकवर तयार केली होती का? मॅकचे एपीएफएस आणि एचएफएस प्लस, लिनक्सचं ईएक्सटी ४ हे विंडोज मुळात वाचत नाही आणि तिथेही फॉरमॅटचाच प्रश्न विचारतं. ती डिस्क मॅकला किंवा लिनक्सला लावा. व्हेराक्रिप्टने कुलूपबंद केलेली डिस्कही अशीच कोरी दिसते, कारण एन्क्रिप्ट केलेला डेटा बाहेरून निरर्थक आकड्यांसारखाच असतो. घरात कुणी ती रेकॉर्डिंगसाठी टीव्हीला किंवा सेट-टॉप बॉक्सला लावली होती का, हेही विचारा. अनेक बॉक्स डिस्क आपल्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतात. असं घडलं असेल तर तिच्यावर आणखी काहीही लिहू नका.

यांपैकी काही नसेल तर पुढचा भाग सावकाश वाचा. डिस्क ‘चुकीची ओळखली जाण्याची’ सर्वांत फसवी कारणं इथे आहेत.

बाहेरच्या हार्ड डिस्कशी कॉम्प्युटर थेट बोलत नाही. आत साधी साटा डिस्क असते आणि केसिंगमधली एक छोटी चिप दुभाष्याचं काम करते: इकडे यूएसबी, तिकडे साटा. डिस्कने सांगितलेलं ती जसंच्या तसं पुढे देईल याची खात्री नसते. ओळीत डिस्कच्या नावाऐवजी ‘जेमायक्रॉन’, ‘एएसएमटी’ अशी चिपची नावं दिसली आणि आकाराच्या जागी शून्य किंवा ‘नो मीडिया’ आलं, तर कॉम्प्युटरला चिप भेटते आहे, डिस्क भेटत नाही. चिप बिघडली असेल किंवा डिस्क उत्तर देत नसेल. डिस्क केसिंगमधून काढून दुसऱ्या केसिंगमध्ये लावून बघणं हा मार्ग आहे, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असं केसिंग सहज मिळतं. मात्र दोन गोष्टी आधी तपासा. काही डिस्कमध्ये साटाचं तोंडच नसतं, यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डवर असतं. आणि काही केसिंगमधली चिप पासवर्ड नसतानाही सगळा डेटा एन्क्रिप्ट करून लिहिते. अशी डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये कोरीच दिसणार. म्हणून जुनं केसिंग कधीही फेकू नका.

आता आकार. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि २ टीबीची १८६३ च्या आसपास. यात बिघाड काही नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. पण ३ टीबीची डिस्क २७९४ ऐवजी ७४६ जीबी दिसत असेल, तर जुन्या डॉकची (सुटी डिस्क खोचायच्या स्टँडची) चिप किंवा जुना ड्रायव्हर ३२ बिटांपलीकडचे सेक्टर मोजू शकत नाही. २०४८ जीबीपर्यंत मोजून तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि वरचे ७४६ तेवढे उरतात. याच हिशोबाने ४ टीबीची डिस्क १६७८ जीबी दिसते. अशा अवस्थेत एक फाइलही तिच्यावर टाकू नका, कारण शेवटाकडे लिहिलेलं सुरुवातीच्या भागावर जाऊन बसू शकतं. नवा डॉक वापरला की आकार परत येतो.

दुसरा प्रकार अधिक चकवणारा. डिस्कचा आकार बरोबर दिसतो, पण पार्टिशन एक-अष्टमांश: ३ टीबीवर ३४९ जीबीचं ‘रॉ’ पार्टिशन. ही डिस्क तुम्ही किंवा दुकानदाराने एका केसिंगमधून दुसऱ्यात हलवली आहे, असं समजा. पार्टिशन नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो, म्हणून ५१२ बाइटांच्या सेक्टरने २.२ टीबीच्या पुढे जाता येत नाही. विंडोज एक्सपीवरही मोठी डिस्क चालावी म्हणून काही केसिंगच्या चिप सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटांचा असल्याचं सांगत. पार्टिशन २५६ व्या सेक्टरपासून सुरू होतं अशी नोंद असेल, तर त्या केसिंगमध्ये ती जागा बरोबर १ एमबीवर येते. नव्या केसिंगमध्ये तोच २५६ वा सेक्टर १२८ केबीवर येतो आणि तिथे काहीच नसतं. डेटा जागच्या जागी आहे, मोजपट्टी बदलली आहे. पडताळायचं असेल तर विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये स्टोरेजखाली डिस्कमध्ये ‘बाइट्स पर सेक्टर’ बघा. उपाय सरळ आहे: जुनं केसिंग, किंवा त्याच मॉडेलचं दुसरं. ते नसेल तर लिनक्समध्ये लूप डिव्हाइस फक्त-वाचनाच्या पद्धतीने, ४०९६ बाइटांचा सेक्टर सांगून बनवता येतं आणि त्यातून फाइली बाहेर काढता येतात.

जाता जाता: ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणारी ‘१६ टीबी’ची चिमुकली डिस्क खरी नसते. आतल्या छोट्या मेमरी कार्डला खोटा आकार सांगायला शिकवलेलं असतं. अशा डिस्कवर आधी प्रत काढायची नसते, आधी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ने ती पूर्ण भरून, परत वाचून तपासायची असते.

वरच्या सगळ्यातून गेल्यावरही पार्टिशन ‘रॉ’च असेल, तर फाइल सिस्टिम खरोखर दुखावली आहे. इथून पुढे मूळ डिस्कवर काम करायचं नाही, तिच्या प्रतिमेवर, म्हणजे हुबेहूब प्रतीवर, करायचं. मूळ डिस्कपेक्षा मोठी दुसरी डिस्क घ्या आणि पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखं लिनक्स सुरू करा. ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम यासाठीच आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर परततो. पहिली फेरी अडलेल्या भागात न खोदता करा, दुसरीत तीनदा प्रयत्न करायला सांगा. मॅपफाइलचं नाव द्यायला विसरू नका. मध्येच वीज गेली तर तिच्याच आधारे काम पुढे सुरू होतं. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कची प्रत तुमच्या फोटोंवर छापली जाईल, म्हणून आज्ञा देण्याआधी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर वाचून ताळा करा.

मग ‘टेस्टडिस्क’. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा हा मोफत प्रोग्रॅम दिसायला रूक्ष आहे, पण माझ्या मते घरगुती वापरासाठी याहून भरवशाचं साधन नाही. प्रतिमा निवडा, पार्टिशनचा प्रकार तो स्वतः ओळखेल तो ठेवा, ‘अ‍ॅनलाइज’ आणि मग ‘क्विक सर्च’ करा. पार्टिशन सापडलं की ‘पी’ दाबून फाइलींची यादी बघा. नावं नीट दिसली तर तिथूनच त्या तिसऱ्या जागी कॉपी करा. ‘राइट’चा पर्याय दाबायची गरज बहुतेकांना पडतच नाही. यादी उघडली नाही तर एनटीएफएसच्या बूट सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधल्या ‘बूट’ पर्यायातून प्रतिमेवर ती परत बसवता येते. सगळंच फसलं तर सोबत येणारा ‘फोटोरेक’ फाइली त्यांच्या अंतर्गत खुणांवरून वेचतो. नावं आणि फोल्डर जातात, पण फोटो मिळतात.

विंडोजचं दुरुस्तीचं साधन ‘चेकडिस्क’ या यादीत नाही, ते मुद्दाम. ‘रॉ’ पार्टिशनवर ते चालतच नाही. अर्धवट वाचता येणाऱ्या डिस्कवर ते फाइल सिस्टिमच्या नोंदी सुसंगत करण्यासाठी त्यांतल्या काही काढूनही टाकतं. प्रत हातात आल्यावर खुशाल चालवा, आधी नको.

डीडीरेस्क्यूचा वेग एकदम शून्यावर येऊन डिस्क टकटकू लागली, किंवा सुरुवातीलाच तो आवाज होता, तर तिला बंद करून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या. धूळरहित जागेत डिस्क उघडण्याची त्यांची व्यवस्था आहे का, निदानाचे पैसे किती, डेटा न मिळाल्यास आकारणी काय, हे आधी लेखी घ्या. डिस्कबरोबर तिचं केसिंग आणि केबलही द्या. घरी काय काय करून पाहिलं तेही सांगा, त्यांना त्याचा उपयोग होतो.

डेटा सुखरूप बाहेर आल्यावर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ने डिस्कचे स्मार्ट आकडे वाचा. पाचवी नोंद, म्हणजे बदललेले सेक्टर, आणि १९७ वी, म्हणजे वाचायचे राहिलेले सेक्टर, या दोन्ही शून्य असतील तर डिस्क पूर्ण फॉरमॅट करून पुन्हा वापरायला हरकत नाही. १९९ वी नोंद वाढलेली असेल तर केसिंगची चिप आणि डिस्क यांच्यातली जोडणी संशयास्पद आहे, केसिंग बदला. १९७ शून्याहून जास्त असेल, आणि पूर्ण फॉरमॅट केल्यानंतरही राहिली किंवा वाढली, तर तिच्यावर पुन्हा एकही फोटो ठेवू नका.