पाचवी बाजू

सरांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या फोटोग्राफी वर्कशॉपमध्ये उन्हात उभं राहून ज्यांचे खांदे भरून आलेत ते ओळखतीलच.

दोन दिवसांचे 6,500 रुपये. आम्ही चौदा जण होतो. दोन दिवसांत मी स्वतः फोटो काढले अकरा, उरलेला सगळा वेळ रिफ्लेक्टर धरला. ‘जरा खाली. अजून खाली. हलवू नका हो!’ एवढंच माझं शिक्षण. मॉडेल आणायचे पैसे आमच्या फीमधून गेले आणि फोटो सरांच्या पेजवर सरांच्या नावाने लागले. धरणाऱ्यांचा उल्लेख ‘माय टीम’ असा होता.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी विचारलं होतं, ‘सर, या रिफ्लेक्टरला फाइव्ह इन वन म्हणतात. सोनेरी, सिल्व्हर, पांढरी आणि काळी. पाचवी बाजू कुठली?’ सगळे हसले. सर म्हणाले, ‘ती ॲडव्हान्स्ड बॅचला.’ मीही हसलो. तिथेच हटून बसायला हवं होतं.

सरांचा मंत्र एकच होता. सोनेरी बाजू, कमरेच्या खाली, चेहऱ्याकडे वळवायची. ‘ग्लो येतो.’ मी वहीत लिहून त्याच्याखाली रेघ मारली होती.

मार्चमध्ये मेणवलीच्या घाटावर प्री-वेडिंगचं काम मिळालं. ‘स्वदेस’चं चित्रीकरण झाल्यापासून त्या घाटाचं सगळ्यांना वेड आहे. ठरले होते 25,000, त्यातले 10,000 आगाऊ. मुलगी साडीत तयार होऊन येईपर्यंत अकरा वाजले. ऊन डोक्यावर, पायऱ्या काळ्या दगडाच्या. काळा दगड उजेड पिऊन टाकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत नुसता अंधार. मी भाच्याला दोन पायऱ्या खाली उभं केलं, 110 सेंटिमीटरचा तो गोल सोनेरी बाजूने त्याच्या हातात दिला आणि वहीतला मंत्र म्हटला.

मुलीच्या डोळ्यांना धार लागली. नवरामुलगा दोनदा म्हणाला, ‘दादा, तिला डोळे उघडवत नाहीयेत.’ मी म्हणालो, ‘पाचच मिनिटं.’ ही पाच मिनिटं मला अजून टोचतात आणि त्याचा दोष मी सरांवर टाकणार नाही. समोरचा माणूस डोळे मिटतोय हे बघायला वर्कशॉप लागत नाही. वर कृष्णेवरून वारा सुटला. रिफ्लेक्टर म्हणजे शीडच असतं. भाचा त्याच्यासकट एक पायरी खाली गेला आणि चिखलात बसला.

फोटो पाठवले. मुलीच्या आत्याबाई फोनवर आल्या. ‘हळद लागायच्या आधीच पोरीला हळद फासलीत काय? की कावीळ झालीय?’ मुलीचे वडील सभ्य होते. ‘राहिलेल्या पैशांचं नंतर बघू,’ म्हणाले. ते नंतर अजून आलेलं नाही.

त्या रात्री लॅपटॉपवर एक फोटो शंभर टक्के मोठा करून डोळ्यापर्यंत गेलो. बुबुळाच्या तळाशी एक सोनेरी तबकडी आणि तिच्या वर भाच्याची टोपी. उजेड कुठून आला ते डोळ्यातच लिहिलेलं होतं. घड्याळाच्या काट्याने सांगायचं तर सहा वाजता. नाकाची सावली कपाळाकडे चढलेली. लहानपणी हनुवटीखाली बॅटरी धरून आम्ही भूत व्हायचो, अगदी तसं. माणसाचा चेहरा आपण जन्मभर वरून येणाऱ्या उजेडात पाहत असतो. खालून आला की काय बिघडलंय ते आत्याबाईंना सांगता येणार नाही, पण दिसतं.

मग सरांचं पेज उघडलं. त्यांचे गाजलेले पोर्ट्रेट एकेक मोठे करत गेलो. डोळ्यातला ठिपका प्रत्येक वेळी दहाच्या नाहीतर अकराच्या जागी, आणि बहुतेक वेळा चौकोनी. म्हणजे खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स. एकाही डोळ्यात खालून धरलेला सोनेरी गोल नाही. गोल सापडला फक्त वर्कशॉपच्या फोटोत, मी स्वतः धरलेला, आणि तो फोटो सरांनी ब्लॅक अँड व्हाइट करून टाकला होता. पिवळेपणा झाकायची यापेक्षा सोपी युक्ती नाही. स्वतः जे करत नाहीत ते आम्हाला 6,500 ला शिकवलं. फोन केला तर म्हणाले, ‘अँगल चुकला असेल. पुढच्या बॅचला या, जुन्या विद्यार्थ्यांना सूट आहे.’

म्हणून पहिला सल्ला हाच. ज्यांच्याकडे शिकायला जाणार त्यांच्या फोटोंतले डोळे मोठे करून बघा, मग पैसे भरा.

पुढे जे कळलं ते स्वतःच्या चुका मोजत कळलं. सोनेरी बाजू संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, तेही जपून. सावलीतला उजेड निळसर असतो. त्यात सोनेरी उजेड घातला की एकाच चेहऱ्यावर दोन रंग होतात आणि व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, एक दुरुस्त केला की दुसरा बिघडतो. गव्हाळ, सावळ्या चेहऱ्याला ती पितळेची झिलई देते. सिल्व्हर उजेड लांबवर फेकते, पण बोचरा; ती थेट चेहऱ्यावर मारू नका, आधी बाजूच्या भिंतीवर किंवा जमिनीवर कवडसा पाडून बघा, मग हळूहळू सरकवत त्याची फक्त कड चेहऱ्याला लागू द्या. मुलीला डोळे मिटायला सांगा, तीन म्हटल्यावर उघडायला लावा, एक-दोन फोटो, पुन्हा मिटा. पांढरी बाजू सर्वांत सोसवणारी, पण ती जवळ लागते, फ्रेमच्या अगदी कडेला, दोन-तीन फुटांवर. सहा फुटांवर ती धरणं म्हणजे भाच्याला उगाच ताटकळत ठेवणं. काळी बाजू उजेड देत नाही, खाते. सगळीकडून सपाट उजेड असेल तेव्हा एका गालाशी धरली तर चेहऱ्याला आकार येतो. आणि आजूबाजूचं सगळंच रिफ्लेक्टर असतं हे विसरू नका. चुन्याची भिंत फुकटात काम करते, हिरवळ मात्र हनुवटी हिरवी करते. हिरवा शालूसुद्धा.

ऊन पाठीमागून तिरपं येत असेल तर रिफ्लेक्टर चेहऱ्याच्या पातळीला किंवा थोडा वर घ्या. धरणाऱ्याला एक पायरी वर चढवा. ऊन डोक्यावर असेल तर मात्र वरून धरून कोन जमत नाही. तेव्हा काय करायचं हे मला आईने शिकवलं.

चिखलाने माखलेला तो गोल मी तसाच पिशवीत कोंबला होता. आठ दिवसांनी आईने तो धुवायला काढला. बाथरूममधून आवाज आला, ‘अरे, याला चेन आहे.’ गेलो तर तिने कव्हर उशीच्या अभ्र्यासारखं काढून बाजूला टाकलं होतं, आणि तिच्या हातात त्या तारेच्या कड्यावर ताणलेलं पांढरं झिरझिरीत कापड होतं. डिफ्यूझर. पाचवी बाजू. मेणवलीला मुलीच्या डोक्यावर, ती आणि ऊन यांच्या मधे ते धरलं असतं तर काम झालं असतं. तिथे ते माझ्याजवळच होतं, सोनेरी कव्हराच्या पोटात. मी बाथरूमच्या दारात उभा राहून सरांना जे बोललो ते इथे छापता येणार नाही.

नंतर वाचायला लागलो. 1956 च्या ‘अपराजितो’ सिनेमासाठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं, तेव्हा कॅमेरामन सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावरून परतवून खाली आणला. अंगणात आकाशाचा उजेड वरून येतो, म्हणून. ही सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, ॲडव्हान्स्ड बॅचची नाही.

बाकी नेहमीचं आहेच. आधी जागा बघून या, पाणी न्या, करार लिहून घ्या, निम्मे पैसे आधीच घ्या. रिफ्लेक्टर उघडताना चेहऱ्यापासून लांब धरा, कडं फाडकन सुटतं. मिटताना दोन्ही हातांनी इंग्रजी आठासारखा पिळा. दहा वेळा घरी करा, म्हणजे पाहुण्यांसमोर झटापट होत नाही. वारा असेल तर धरायला दोघं.

सरांची नवी बॅच लागली आहे, फी आता 8,500. जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा, कव्हराची चेन कितव्या दिवशी उघडणार.