‘एखादं गाणं म्हणून दाखव’ म्हणू नका

पालकहो, ‘मला फिल्मसाठी साउंड आणि म्युझिक करायचंय’ असं मुलाने किंवा मुलीने जाहीर केलं, की पहिली पंचाईत होते ती पाहुण्यांसमोर. मावशी विचारते, ‘काय शिकतोस रे सध्या?’ पोरगं काहीतरी पुटपुटतं. मग आपणच सावरून घेतो, ‘संगीत शिकतोय.’ लगेच फर्माईश येते, ‘अरे वा, मग एखादं गाणं म्हणून दाखव!’ त्याचा चेहरा पडतो आणि तुमच्या मनात शंका डोकावते, की एवढी फी भरून हा शिकतोय तरी काय?

मी हेच काम करतो आणि शिकवतोही, त्यामुळे ही शंका माझ्यापर्यंत नेहमी येते. आज त्यावर जरा निवांत बोलू.

आधी एक घोळ निस्तरू या. ‘साउंड आणि म्युझिक’ म्हणताना मुलं दोन वेगळी कामं एका दमात सांगतात. एक पार्श्वसंगीत देणाऱ्या संगीतकाराचं. दुसरं आवाजाचं, म्हणजे शूटिंगच्या जागी संवाद टिपायचे, नंतर पावलं, दारं, भांडी, पाऊस यांचे आवाज दृश्यावर बसवायचे आणि शेवटी मिक्सिंगला सगळं तोलायचं. पहिल्या कामाला सूर-ताल लागतातच, तेव्हा लहानपणापासूनचा तबला किंवा पेटी ‘आता कॉम्प्युटरवर होतं सगळं’ म्हणून सुटू देऊ नका. दुसऱ्या कामात गाता आलं नाही तरी अडत नाही, पण भौतिकशास्त्राचं वावडं असून चालत नाही. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतर आहे, आणि त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट राहिली आहे. अकरावीला शाखा निवडतानाच तिथलं माहितीपत्रक वाचून घ्या. पदवी हातात आल्यावर ही अट कळून हिरमुसलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता वर्गात काय चालतं ते सांगतो. आम्ही एक मिनिटाचं मुकं दृश्य देतो. एक बाई ओट्याशी उभी आहे, गॅसवर दूध आहे. ती दोनदा दाराकडे बघते आणि दूध उतू जातं. एवढंच. पहिल्या फेरीत बहुतेक जण व्हायोलिनं ओततात. बाईने मान वळवायच्या आधीच संगीत ओरडून सांगतं की आता काहीतरी वाईट होणार! मग आम्ही म्हणतो, संगीत काढ आणि मला सांग, हे घर कुठलं? चाळीतलं असेल तर शेजारच्यांचा टीव्ही भिंतीपलीकडून येईल, जिन्यात चपला वाजतील. बंगल्यातलं असेल तर लांबून कुत्रं भुंकेल. वेळ कुठली? वाट बघतेय ती कोणाची?

एका मुलीने या दृश्याला फ्रिजची घरघर लावली, इतकी हलकी की ती आहे हे लक्षातही येऊ नये. बाई दुसऱ्यांदा दाराकडे बघते तिथे तिने ती घरघर बंद केली. फ्रिज अधूनमधून थांबतोच, त्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं. पण ते थांबल्याबरोबर घर केवढं रिकामं आहे ते जाणवलं, आणि त्या रिकामपणात बर्नरवर दूध सांडल्याचा चर्र आवाज आला. संगीताचा एकही सूर नाही. तो ‘चर्र’ तिने घरीच रेकॉर्ड केला होता, दूध मुद्दाम उतू घालवून आणि त्याबद्दल आईची बोलणी खाऊन. आईचंही बरोबरच होतं, दुधाचे भाव काय आहेत!

हे काम चोख झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही. दार आपटल्याचा आवाज दोन-तीन फ्रेम मागे पडला, तर काय बिनसलं ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, फक्त ते दृश्य खोटं वाटतं. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. रात्री दीड वाजता तुमचं लेकरू तोच दार आपटल्याचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत बसलं असेल, तर त्याला वेड लागलेलं नाही, त्याचा गृहपाठ चालू आहे.

आणि हे काही परदेशातून आलेलं नवं फॅड नाही. एफटीआयआय ज्या आवारात आहे तिथे पूर्वी प्रभात स्टुडिओ होता. तिथेच १९३७ साली व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ केला आणि त्यात पार्श्वसंगीताला फाटा देऊन घरातल्या, रस्त्यावरच्या आवाजांवर भिस्त ठेवली. गाणी होती, पण दृश्याखाली वाजणारा वाद्यमेळ नव्हता. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती तेव्हा! याच्या अगदी दुसऱ्या टोकाला २०१६ चा ‘सैराट’. त्याच्यासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. दोन्ही निर्णय आपापल्या गोष्टीला शोभणारे होते. मुलं शिकतात ते हे, की या गोष्टीला काय हवं. वाद्यं आणि सॉफ्टवेअर त्यानंतर येतात. एक संध्याकाळ काढून ‘कुंकू’ मुलांसोबत बसून बघा. मध्येच दोन मिनिटं आवाज बंद करा, मग चालू करा. माझ्या या सगळ्या बडबडीपेक्षा त्या दोन मिनिटांत जास्त कळेल.

खर्चाचं म्हणाल, तर सुरुवातीला हात आखडता घ्या असंच मी सांगेन. महागडे स्पीकर तर मुळीच नकोत. ५० हर्ट्झच्या खर्जाच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते. दहा बाय दहाच्या खोलीत ती भिंतींवर आदळून कुठे फुगते, कुठे गायब होते, आणि त्या खोलीत केलेलं मिक्सिंग दुसरीकडे ऐकलं की वेगळंच वाटतं. एक बरा हेडफोन, एक छोटा रेकॉर्डर आणि आहे तो कॉम्प्युटर एवढ्यावर वर्षभर भागतं. ‘रीपर’ नावाचं सॉफ्टवेअर वैयक्तिक वापरासाठी ६० डॉलरला मिळतं, आणि ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची फुकट आवृत्तीही शिकण्यापुरती पुष्कळ झाली. आवाज रेकॉर्ड करायला कपड्यांचं कपाट उघडून बाजूला दोन गोधड्या टांगल्या की खोलीतला घुमारा बराच कमी होतो. गोधड्या मागितल्या तर द्या बापडे.

एका बाबतीत मात्र कडक राहा. कान हे या धंद्याचं भांडवल आहे आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, आणि आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने खाली येते. हेडफोनमधलं गाणं तुम्हाला शेजारच्या खोलीत ऐकू येत असेल, तर आत जाऊन आवाज कमी करायला लावा. डीजेच्या भिंतीसमोर नाचायला जायचं असेल तर खिशात इअरप्लग हवेतच. कटकट वाटली तरी चालेल.

‘पण यात पोट भरेल का?’ हा प्रश्न तुम्ही केव्हाचा ओठांवर धरून बसला असाल. पहिली काही वर्षं कोणाच्या तरी हाताखाली, आज काम उद्या सुट्टी अशी जातात, आणि पैसे उशिरा येतात. हे मी लपवणार नाही. मात्र काम फक्त सिनेमातच आहे असंही नाही. मालिका, जाहिराती, माहितीपट, डबिंग, व्हिडिओ गेम, नाटक सगळीकडे आवाज लागतो. ‘अंकुर’चे संगीतकार वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आले आणि इथे त्यांनी जाहिरातींसाठी ढिगाने काम केलं. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. एआयचं म्हणाल, तर कुठल्याही व्हिडिओखाली चालून जाईल असं पार्श्वसंगीत आता यंत्रं करून देतात, आणि तेवढंच येणाऱ्यांचं काम जाणार हे उघड आहे. ‘नाही रे, हे रडकं झालं, तिला राग आलाय, दुःख नाही’ असं दिग्दर्शक म्हणाला, की त्याच्या शेजारी बसून ते बदलणारं माणूस अजून लागतं. म्हणून मूल वाद्य किती सफाईने वाजवतं यापेक्षा, केलेलं काम मोडायला सांगितल्यावर ते रुसतं की पुन्हा कामाला बसतं, यावर नजर ठेवा. या धंद्यात कोण टिकणार याचा माझा अंदाज मी तरी त्यावरूनच बांधतो.

व्यवहाराच्या बाबतीत तुमची मदत सगळ्यात जास्त लागणार आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी केलेलं संगीत थिएटरातल्या खेळाव्यतिरिक्त इतरत्र, म्हणजे टीव्हीवर वगैरे वाजलं, तर त्याच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा निर्मात्याला लिहून घेता येत नाही. त्यासाठी आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं लागतं. साउंड डिझाइन करणाऱ्याला मात्र हा हक्क नाही. त्याला जे मिळायचं ते ठरलेल्या मानधनातच, तेव्हा ते आधी ठरलेलं बरं. वीस-बावीस वर्षांची मुलं ‘दादा ओळखीचा आहे’ म्हणून तोंडी बोलीवर कामं घेतात आणि मग महिनोन्महिने फोन लावत बसतात. तुम्ही घर घेताना, दुकान चालवताना, नोकरीत कागदांवर सह्या करताना जे शिकलात ते इथे उपयोगी पडेल. पहिलं काम येईल तेव्हा पैसे किती आणि कधी, बदल किती वेळा फुकट करून द्यायचे, आणि श्रेयनामावलीत नाव काय म्हणून येणार, एवढं साध्या ईमेलवर का होईना, लिहून घ्यायला लावा. ही शिकवणी वर्गात फारशी होत नाही, ती तुम्ही घ्या.