रोथेमच्या झुडपाखाली एलियाहू हनाबी
(विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी एक पाठ)



आपल्या अनेक घरांतील मुले-मुली आज युनिव्हर्सिटीत किंवा मिखलालात शिकत आहेत. इस्राएलात शिक्षणाचे वर्ष सुक्कोथचा सण आटोपला की सुरू होते. पहिला सेमिस्टर तेरा-चौदा आठवड्यांचा असतो. तो जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या आरंभी संपतो आणि लगेच परीक्षा लागतात. आधी मोएद आलेफ, मग मोएद बेथ. म्हणजे वर्ग थांबले तरी मुलाच्या मानेवरचे जू उतरत नाही.

नेमक्या याच दिवसांत शेवात महिन्याची १५ तारीख, म्हणजे तू बिश्वात, येते. कधी जानेवारीच्या मध्याला, कधी फेब्रुवारीच्या मध्याला. साऱ्या यहुदी लोकांना हे झाडांचे नवे वर्ष. आपल्या बेने इस्राएलांना मात्र तो एलियाहू हनाबीचा उरूसही आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून ठेवलेल्या आपल्या इतिहासात या सणाची याच नावाने नोंद केली आहे. अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर नबीच्या रथाच्या खुणा आहेत अशी वाडवडिलांची श्रद्धा. तेथे नवस फेडायचा आणि मलिदा करायचा ही रीत कोकणातून आपल्याबरोबर या देशात आली.

एकीकडे परीक्षेची धास्ती, दुसरीकडे आभाराचा मलिदा. या दोहोंची गाठ कशी घालावी हे ज्या नबीचा हा उरूस, त्याच्याच चरित्रातून शिकू या. तनाखमधील पहिला राजे, अध्याय १८ व १९, हे दोन अध्याय आज घरी काढून वाचावेत.

१. थकलेला नबी

अठराव्या अध्यायात कार्मेल डोंगरावर एलियाहूचा मोठा विजय झाला. बआलच्या पुजाऱ्यांची फजिती झाली, आकाशातून अग्नी उतरला, तीन वर्षांचा दुष्काळ संपून पाऊस पडला. मग एकोणिसाव्या अध्यायात त्याने आनंदात असावे असे आपल्याला वाटते. पण इजेबेल राणीची धमकी आली आणि हा शूर पुरुष जीव घेऊन पळाला. बेर शेवा येथे त्याने आपल्या गड्याला मागे ठेवले, एकटाच एक दिवसाची वाट रानात चालून गेला, रोथेमच्या झुडपाखाली बसला आणि देवाजवळ मरण मागू लागला. आपण आपल्या पूर्वजांपेक्षा काही चांगले निघालो नाही, असे तो म्हणाला.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की माणूस पराभवानंतरच मोडतो असे नाही. मोठे श्रम संपल्यावर, अंगातला ताण ओसरल्यावरही मोडतो. मुलगा परीक्षेला धडधाकट जातो आणि परीक्षा संपल्यावर अंथरूण धरतो, यात नवल नाही. दुसरी अशी, की नबीने आधी आपल्या गड्याला सोडले आणि मग तो खचला. जो माणूस एकटा पडतो त्याचे दुःख वाढते. तिसरी अशी, की तो स्वतःला पूर्वजांशी ताडून पाहत होता. आपली मुलेही हेच करतात. आजोबांनी बोटीतून उतरून वाळवंटात मोलमजुरी केली, आजीने हिब्रू येत नसताना घर उभे केले, आणि मला एवढा एक पेपर जमत नाही! हा विचार मुलाच्या मनात असतो. आपणही नकळत तो पेरलेला असतो.

ते बेर शेवा म्हणजे आजचेच. जेथे १९६९ साली युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि आपली कितीतरी मुले शिकली, तेच. रोथेमची झुडपे नेगेवात अजून आहेत. हिवाळ्याच्या शेवटी, ऐन परीक्षेच्या दिवसांत, त्यांना पांढरी फुले येतात.

२. आधी भाकर, मग बोध

आता देवाने काय केले ते पाहा. त्याने नबीला दटावले नाही. तुझा विश्वास कमी पडला असे सांगितले नाही. नबी झोपला होता. दूताने येऊन त्याला स्पर्श केला आणि उठून खा एवढेच म्हटले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. नबीने खाल्ले, तो प्यायला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला पुन्हा झोपू दिले. दुसऱ्यांदा उठवले तेव्हाही आधी खायलाच सांगितले, कारण पुढची वाट लांबची होती.

अन्न, पाणी, झोप आणि हळुवार स्पर्श हा या पाठातला पहिला धडा. आजचे शास्त्रही याला दुजोरा देते. दिवसा वाचलेले झोपेत मेंदूत पक्के बसते. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री उजाडेपर्यंत जागणारा मुलगा चार पाने जास्त वाचतो खरा, पण वाचलेले आठवण्याची शक्ती गमावून बसतो. कॉफी आणि साखरेच्या पेयांवर काढलेली रात्र दुसऱ्या दिवशी आपले व्याज वसूल करते.

अभ्यासाच्या रीतीविषयीही एक उपयोगाची गोष्ट सांगतो. रोडिगर व कारपिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा मात्र पुस्तक मिटून आठवणाऱ्यांना जास्त येत होते. म्हणून मुलांनो, पुस्तक मिटा आणि स्वतःला प्रश्न विचारा. तास दीड तासाने उठा, दहा मिनिटे बाहेर चालून या. शाब्बाथला वह्या बाजूला ठेवा. आठवड्यातला एक दिवस विसाव्याचा ठेवणारे आपण, तो परीक्षेच्या महिन्यात विसरू नये.

३. हळू आवाज

खाऊन-झोपून ताकद आल्यावर नबी चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचला. तेथे देवाने त्याला एक प्रश्न विचारला: तू येथे काय करतोस? एलियाहूने आपले गाऱ्हाणे सांगितले. मग सोसाट्याचा वारा आला, धरणीकंप झाला, आग आली. देव त्यांत नव्हता. त्यानंतर एक अगदी मंद आवाज आला. पुन्हा तोच प्रश्न, आणि नबीने पुन्हा तेच गाऱ्हाणे सांगितले. देवाने ते दुसऱ्यांदाही शेवटपर्यंत ऐकून घेतले.

आईबापांसाठी हा दुसरा धडा. मुलगा फोनवर तेच रडगाणे गातो, प्रोफेसर कठीण, विषय कठीण, भाडे महाग, तेव्हा आपण वारा आणि धरणीकंप होतो. "आम्ही तुझ्या वयाचे असताना" असे सुरू करतो. त्यापेक्षा हळू आवाजात एक प्रश्न विचारावा आणि गप्प बसून ऐकावे. "मार्क किती पडले?" या प्रश्नाआधी "जेवलास का? झोप होते का?" असे विचारणारी आई दूताचेच काम करते.

हल्लीच्या दिवसांत याची गरज जास्त आहे. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर युद्ध सुरू झाले आणि त्या वर्षी युनिव्हर्सिट्या ३१ डिसेंबर २०२३ रोजी उघडल्या. कितीतरी मुले-मुली मिलुइमचा गणवेश उतरवून थेट वर्गात बसली. अशा मुलाचे मन पानावर ठरत नसेल तर तो आळशी आहे असे म्हणू नये.

४. सात हजार

नबीचे गाऱ्हाणे होते की मी एकटाच उरलो. देवाने त्याला सांगितले की इस्राएलात सात हजार असे आहेत ज्यांनी बआलपुढे गुडघा टेकला नाही. शिवाय एलिशा हा सोबती दिला. म्हणजे अन्न, झोप आणि ऐकून घेणे यांनंतर चौथे औषध आहे सोबतीचे.

विद्यार्थ्याने आपले सात हजार कोठे शोधावेत? प्रत्येक युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांच्या डीनची कचेरी असते. तेथे सल्ला मिळतो, आणि बहुतेक ठिकाणी कमी खर्चात मानसिक उपचारांची सोय असते. २००७ साली विद्यार्थी हक्क कायदा झाला. मिलुइम, गरोदरपण किंवा बाळंतपण यांमुळे ज्यांची परीक्षा हुकते त्यांना दुसरी तारीख मिळण्याची तरतूद त्याखाली आहे. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. तो मागायला लाजू नये.

आणि नबीसारखे कोणी मरणाची भाषा बोलू लागले तर ते थट्टेवारी नेऊ नये, लपवूही नये. देवानेही ती गोष्ट गंभीरपणे घेतली आणि मदत धाडली. तुला जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. एरान ही संस्था १९७१ पासून टेलिफोनवर मानसिक प्रथमोपचार देते. १२०१ हा तिचा नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि नाव सांगावे लागत नाही. "लोक काय म्हणतील" या भीतीने आपल्या समाजात पुष्कळ दुखणी घरातच दडून राहिली. पाय मोडला तर आपण हाडवैद्य शोधतोच ना? मग मनाच्या दुखण्याला लाज कसली?

५. मलिदा कशाचा?

आता आभाराकडे वळू. मलिद्याचे ताट डोळ्यांपुढे आणा. भिजवलेले पोहे, साखर किंवा गूळ, खवलेला नारळ, वेलची, सुका मेवा, वर फळे मांडलेली. एलियाहू हनाबीचे गीत म्हणून झाले की बेराखोथ सुरू होतात. झाडाच्या फळाची बेराखा वेगळी. केळे आपण झाडाचे समजतो, पण त्याची बेराखा जमिनीच्या पिकाची. सुवासिक पाल्याची आणखी वेगळी. एकदा मोघम "सर्वांबद्दल आभार" म्हणून हात धुऊन टाकत नाहीत. एक एक जिन्नस हातात घ्यायचा, पाहायचा, ओळखायचा आणि मग तोंडात घालायचा. आभार मानण्याची ही शिस्त आहे.

हिब्रूत आभाराला होदाया म्हणतात. त्याच धातूपासून कबूल करणे हाही अर्थ निघतो. आभार मानणे म्हणजे हे माझ्या एकट्याच्या बळावर झाले नाही असे कबूल करणे. लेआने चौथ्या मुलाचे नाव यहुदा ठेवले ते देवाचे आभार मानूनच, आणि त्यावरूनच आपण यहुदी म्हणवतो. तेव्हा आभार हा आपल्या नावातच आहे.

२००३ साली एमन्स व मॅककलो या दोघा अमेरिकन संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दहा आठवडे दर आठवड्याला यादी करायला सांगितली. एका गटाने उपकाराच्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटीच्या, तिसऱ्याने साध्या घडामोडी. उपकार लिहिणाऱ्यांना आपले जीवन जास्त बरे वाटले आणि अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारी त्यांनी कमी सांगितल्या. मलिदा करणाऱ्या आपल्या आज्यांनी हा प्रयोग वाचला नव्हता, पण त्यांना त्याचे मर्म ठाऊक होते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आभार ही दुसऱ्याकडून वसूल करण्याची बाकी नव्हे. "आम्ही तुझ्यासाठी इतके सोसले, तू एवढेही करीत नाहीस" असे म्हटले की मुलाच्या मनात आभार उगवत नाही, कर्ज उगवते. तसेच नवसाचे. पास झाला तर मलिदा, नापास झाला तर घरात सुतक, असे करू नये. आपण निकालाआधी मलिदा करावा. तो मार्कांचा नसावा. सेमिस्टरभर मूल चालत राहिले, त्याला शिकवणारे, जेवू घालणारे, वही देणारे भेटले, त्याबद्दलचा असावा. निकाल काहीही लागो, त्या गोष्टी खऱ्याच राहतात. झाडांचे नवे वर्षही फळ हाती येण्याआधीच येते. फांद्या अजून उघड्या असतात, आतून मात्र रस चढू लागलेला असतो.

घरी करावयाचा अभ्यास

१. सेमिस्टरमध्ये ज्यांनी मदत केली अशा तिघांची नावे प्रत्येक विद्यार्थ्याने लिहावीत, आणि निदान एकाला फोन करून किंवा पत्र लिहून नेमके कशाबद्दल आभारी आहोत ते सांगावे.

२. आईवडिलांनी मुलाच्या मार्कांशी संबंध नसलेला त्याचा एक गुण त्याला सांगावा.

३. परीक्षा संपल्यावर निदान दोन दिवस कोणतेही काम न ठेवता खाणे, झोपणे आणि भेटीगाठी यांसाठी राखावेत.

४. कुटुंबाने मिळून विचार करावा: एलियाहूने बेर शेवात मागे ठेवलेला गडी बरोबर असता तर काय झाले असते? आणि आज आपल्या ओळखीत झुडपाखाली एकटे कोण बसले आहे?

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर सापडले, तर यंदाच्या मलिद्याचे एक ताट त्याच्या दारी न्यावे. उपदेश बरोबर नेऊ नये. तो खाईपर्यंत जवळ बसावे.

सर्व विद्यार्थ्यांना यश आणि आरोग्य लाभो. शालोम.