रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणून

आईबाबांनो, मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टवर शेंगदाणा, अंडं, कोळंबी यांच्यापुढे ‘पॉझिटिव्ह’ दिसतं आणि त्याच संध्याकाळी घरातला कुटाचा डबा वरच्या फळीवर जातो. तुमची धास्ती मला समजते. तरी डबा उचलण्याआधी आठवून पाहा : यातलं काही खाऊन मुलाला कधी त्रास झाला होता का?

रक्तात आयजीई हे प्रतिद्रव्य सापडलं, म्हणजे शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली, एवढंच. खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या, दम लागला, तर ती ॲलर्जी. रिपोर्ट पॉझिटिव्ह असूनही साबुदाण्याची खिचडी मजेत खाणारी मुलं असतात. त्यांचं खाणं बंद करणं हा मला त्यांच्यावर अन्याय वाटतो, आणि त्यात धोकाही आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या ‘लीप’ अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं होती. ज्यांना तान्हेपणापासून शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात तो टाळणाऱ्यांपेक्षा पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी कमी आढळली.

मग खरा धोका कुणाला, हे ओळखायचं कसं? इथे मॉलेक्युलर टेस्ट उपयोगी पडते. नेहमीच्या तपासणीत सबंध शेंगदाण्याचा अर्क वापरतात, आणि त्यात डझनाहून अधिक ॲलर्जीकारक प्रथिनं असतात. ही टेस्ट त्यांतल्या एकेका प्रथिनाविरुद्धचं आयजीई वेगळं मोजते. ‘अरा एच २’ हे प्रथिन भाजण्याला आणि पाचकरसांना पुरून उरतं. त्याविरुद्धचं आयजीई भरपूर असेल, तर खऱ्या ॲलर्जीची शक्यता बरीच वाढते. ‘अरा एच ८’ मात्र उष्णतेने मोडतं आणि ते बर्च झाडाच्या परागातल्या प्रथिनासारखं असतं. आपल्या महाराष्ट्रात बर्च नाही, पण स्टॉकहोमला वाढणाऱ्या मराठी मुलाचा शेंगदाण्याचा रिपोर्ट निव्वळ त्या परागामुळे पॉझिटिव्ह येऊ शकतो. अशा मुलाला बहुधा तोंडात खाज सुटण्यापलीकडे काही होत नाही.

आपल्या किनाऱ्यावर दुसरी गफलत होते. दमट घरांतल्या धुळीत माइट्स नावाचे सूक्ष्म किडे असतात. त्यांच्यात आणि कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळपास सारखं प्रथिन असतं. त्यामुळे धुळीने सर्दी-दमा होणाऱ्या मुलाच्या रिपोर्टवर कोळंबीही झळकू शकते, मग ते घरी कोळंबीचं कालवण दर आठवड्याला का खात असेना.

अंड्याचंही तसंच. त्यातलं ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन शिजवल्याने बदलतं, ओव्होम्युकॉइड हे टिकून राहतं. त्यामुळे ओव्होम्युकॉइडविरुद्धचं आयजीई नसेल, तर ऑम्लेट न सोसणाऱ्या मुलाला भाजलेला केक चालण्याची आशा असते. पण तो पहिला तुकडा दवाखान्यात, डॉक्टरांसमोरच द्यायचा. घरी चाखवून बघू नका, अगदी कणभरही.

ही टेस्ट महाग आहे आणि प्रत्येक शिंकेसाठी नाही. आकडा कितीपुढे धोक्याचा, याच्या बऱ्याचशा मर्यादा युरोप-अमेरिकेतल्या मुलांवरून ठरल्या आहेत, म्हणून आपल्याकडे मुलाची हकिगत आधी आणि आकडा नंतर. एखादं प्रथिन निगेटिव्ह आलं तरी धोका टळला, असं धरून चालू नका. संशय उरलाच तर दवाखान्यात थोडं थोडं खायला देऊन केलेली परीक्षाच निर्णायक. आणि शंभर पदार्थांचं ‘आयजीजी’ पॅनेल करून दूध, गहू, भात बंद करायला कुणी सांगितलं, तर कृपा करून ऐकू नका. आयजीजी हे वेगळं प्रतिद्रव्य आहे आणि ते बहुधा मूल तो पदार्थ खातं, याचीच खूण असते.

ज्यांची ॲलर्जी खरी ठरली आहे, त्यांच्या डॉक्टरांकडून ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनची मात्रा लिहून घ्या आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं ते शिका. आजी-आजोबांना आणि शाळेतल्या बाईंनाही शिकवा. दम लागला, आवाज बसला किंवा मूल मलूल पडलं, तर लगेच ते द्या आणि रुग्णालय गाठा. ॲलर्जीचं सिरप पाजून वाट पाहत बसू नका, बंद होत चाललेला श्वास त्याने मोकळा होत नाही.