तिलाही सगळं कळू दे

इंदिरानगर, नाशिक

चि. बाळास,

तुझी पटकथा मन लावून वाचली. पावसाळी रात्री घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावी, पोट धरून हसावं आणि शेवटी डोळे भरून यावेत, अशी कालप्रवासाची प्रेमकथा तुला लिहायची आहे. ही इच्छाच मला फार आवडली. म्हणूनच जे खटकलं ते मोकळेपणानं सांगते.

तुझा नायक काळात मागे जाऊन नायिकेचा नकार पुसतो आणि नव्यानं मागणी घालतो. आपण एकदा ‘नाही’ म्हटलं होतं, हे तिला ठाऊकच नाही. त्याला सगळं माहीत, तिला काहीच नाही. अशा होकारात तिचं मन कुठे आलं? वेळ मागे नेता आली, तरी दुसऱ्याच्या मनावर हक्क मिळत नाही. कथेचा पाया इथेच पक्का कर.

‘अबाउट टाइम’ (२०१३) पुन्हा पाहा. दिग्दर्शक रिचर्ड कर्टिसनं यंत्रबिंत दाखवलं नाही. नायक टिम अंधाऱ्या कपाटात शिरून मुठी आवळतो, बस्स! आपण तेवढ्यावर विश्वास ठेवतो. प्रेक्षक युक्तीचा खुलासा मागत नाही, पण तिची किंमत कोण मोजतं ते बघतो. एका नाटककाराची फजिती टाळायला टिम मागे जातो आणि त्याच संध्याकाळी झालेली नायिका मेरीची भेट पुसली जाते. तिचा फोन नंबरही जातो. मग तिला पुन्हा शोधताना जी धांदल उडते, तिचं हसू येतं. पुढे बहिणीचा अपघात टाळून परत येतो, तर घरात मूलच वेगळं! मूल पोटात येण्याआधीचं काही बदललं, की मूलच बदलतं, एवढा कडक नियम आहे, म्हणून त्याच्या निवडीला वजन येतं. पण नवऱ्याचं हे गुपित मेरीला शेवटपर्यंत कळत नाही. ती उणीव तू भरून काढ.

काळाशी खेळणं आपल्याकडेही जुनंच. आपल्या पाथर्डी फाट्यापलीकडे, पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी वाटाणा रुजून वाढतानाचे दिवसामागून दिवस टिपले आणि ती वाढ पडद्यावर थोडक्या वेळात दाखवली. त्यांच्या या खटाटोपात पत्नी सरस्वतीबाई बरोबरीनं होत्या. त्यांनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडण्याचं काम शिकून घेतलं, ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाच्या वेळी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला. काळाशी खेळण्याच्या त्या वेडात त्या स्वतः उतरल्या होत्या. तुझ्या नायिकेलाही तसं उतरू दे.

मध्यंतराआधीच तिला गुपित कळू दे. ती रागावेल, रागवायलाच हवं. मग तिनं म्हणावं, “आता मी सांगेन तिथे जायचं.” तिला त्याचे कॉलेजचे दिवस पाहू दे, तो लपवत आलेला भित्रेपणा पाहू दे. दोघं एकमेकांसमोर उघडे पडले, की विनोद आपोआप येईल. त्यासाठी कुणाच्या रूपावर, बोलीवर कोट्या करू नकोस. घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे बघणार आहेत.

आणि तो पहिला नकार पुसू नकोस. तो दोघांनाही आठवत असताना तिनं ‘हो’ म्हणावं. तो प्रसंग आधी लिही, बाकीची पटकथा त्याच्याकडे वळव आणि मला वाचायला पाठव.

तुझी,
आत्या