धीर कशाला म्हणावे?

एकदा संध्याकाळी मी घोडनदीच्या कडेने घरी चाललो होतो. आमच्या वस्तीवरचा एक गडी पारावर एकटाच बसला होता. चाळिशी उलटल्यावर तो रात्रीच्या वर्गाला येऊ लागला होता. मी विचारले, "का रे, आठ दिवस वर्गाला नाहीस?"

तो म्हणाला, "गुरुजी, शिकून काय करू? कांद्याचा भाव पडला. गाडीभाडंसुद्धा सुटलं नाही. सोसायटीचा कागद आलाय. भीतीनं उघडला नाही. आता जगणंच नको वाटतं."

"सगळे ठीक होईल," असे मी म्हटले नाही. ते मला तरी कुठे ठाऊक होते? मी त्याच्याशेजारी बसलो आणि त्याला केडगावची हकीकत सांगितली.

केडगाव आपल्याला लांब नाही. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघावे, वाटेत भीमा ओलांडावी, की दौंड तालुक्यातले केडगाव जवळ येते. तेथे पंडिता रमाबाईंची मुक्ती मिशन ही संस्था आजही आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. बाईने शिकू नये, असा तो काळ. पण त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले आणि आईने लेकीला. हे कुटुंब पुराण सांगत गावोगाव फिरे. रमाबाई सोळा वर्षांच्या सुमाराच्या असताना दुष्काळ पडला. अन्नावाचून वडील गेले. मागोमाग आई गेली, मग बहीण गेली. राहिली दोघे भावंडे. ती चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तेथल्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' म्हणून गौरवले. पण १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच साली त्यांचे लग्न झाले, पुढे मुलगी झाली. १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. वय अवघे २३ आणि कडेवर तान्ही पोर!

त्या रडल्या नसतील का? रडल्याच असतील. पण डोळे पुसून त्यांनी पुढचे काम हाती घेतले. पुण्याला येऊन बायकांसाठी आर्य महिला समाज काढला. इंग्लंड-अमेरिका पाहिली. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. त्या ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तरी सदन चालूच राहिले.

१८९६-९७ मध्ये पुन्हा मोठा दुष्काळ पडला. भूक काय असते, हे रमाबाई जाणून होत्या. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना व विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, तेथे त्यांना ठेवता येईना. केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तेथे झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या. मुली वाचायला, विणायला, शेती करायला शिकल्या. पुढे छापखानाही निघाला. रमाबाईंचे दुःख नाहीसे झाले नाही. त्यांनी त्याला कामाला जुंपले.

गडी म्हणाला, "गुरुजी, त्या पंडिता. मी अडाणी."

मी म्हटले, "अडाणी होतास. आता तुला वाचता येते. चल, घरी जाऊन तो कागद काढू."

त्याला एकटे न सोडता मी त्याच्या घरी गेलो. कंदिलाजवळ बसून, एकेका अक्षरावर बोट ठेवून त्याने कागद वाचला. हप्ता थकला आहे, सचिवांना येऊन भेटावे, एवढेच त्यात होते. जप्तीचे नावही नव्हते. कर्ज काही कमी झाले नाही, पण मनातले भूत उतरले.

मग मी त्याला पाटीवर मधोमध रेघ मारायला लावली. एका बाजूला हाताबाहेरच्या गोष्टी: भाव, पाऊस, गेलेले पीक. दुसऱ्या बाजूला हातातल्या गोष्टी: सचिवांना भेटणे, मुदत मागणे, शेळ्यांचे दूध विकणे. शेवटी तो थांबला. हळूच म्हणाला, "कारभारणीला यातलं काहीच सांगितलं नाही." मी म्हटले, "तेही लिही. आणि पहिले तेच कर."

त्याचे कर्ज अजून पुरते फिटलेले नाही. पण तो वर्गाला येतो आणि पोटभर जेवतो.

मंडळी, दुःख नाही असे म्हणणे म्हणजे धीर नव्हे. दुःख असताना हातातले एक काम करणे, त्याला धीर म्हणावे. आणि जगणेच नको वाटू लागले, तर एकटे राहू नका. घरच्यांना सांगा, सरकारी दवाखान्यात जा. १४४१६ या सरकारी नंबरावर रात्री-अपरात्रीही फुकट फोन करता येतो, मराठीत बोलता येते. मदत मागण्यात कमीपणा नाही.

अभ्यास

१. गड्याने कागद का उघडला नव्हता?
२. दुष्काळात रमाबाईंनी काय केले?
३. पाटीवर मधोमध रेघ मारा. आपल्या हातातल्या आणि हाताबाहेरच्या गोष्टी लिहा. हातातली एक आजच करा.